लेक पबमध्ये काम करते, हे घरात फक्त मला माहीत आहे

'ताई, आम्ही विश्रामबागला राहतो. मिस्टरांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. मुलगी इथूनच इंजिनिअर झाली आणि गेल्या सप्टेंबरात एमएस्सीला इंग्लंडला, लीड्सला गेली. वय २३. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंय, घर तारण आहे. "एका कॅफेत पार्टटाइम करते" असं तिनं सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात भाचीनं कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवरचा व्हिडिओ दाखवला. लाल-निळे दिवे, पोरं-पोरी दाटीवाटीनं नाचतायत, आणि आमची ही काउंटरच्या मागं काळा टीशर्ट घालून ग्लास भरतेय. वर हसतेय पण. विचारलं तर म्हणाली, "हो आई, पब आहे. सगळे स्टुडंटच येतात. शुक्रवार-शनिवार दोन वाजेपर्यंत डान्स असतो. पप्पांना सांगू नकोस." आमच्या सासूबाई माळकरी. जाऊबाईंनी पुण्याचं एक स्थळ आणलंय. मला रात्रीची झोप लागत नाही. तिला काम सोडायला लावू का? मिस्टरांना सांगू का? आणि ती स्वतः घेते का, हे आईनं कसं विचारायचं?'
– एक आई, सांगली

ताई,

आधी उत्तरं देते, कारणं मागून. काम सोडायला लावू नका, निदान आत्ता नको. मिस्टरांना कळलं पाहिजे, पण ते तुमच्या तोंडून नाही, तिच्या. आणि घेते का, हे सरळ विचारायचं, एकदाच.

आता त्या व्हिडिओकडे येऊ, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे. पब म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यासमोर काय येतं? हायवेला काळ्या काचांचं परमिट रूम. बाहेर बुलेट लावलेल्या, आत पुरुषच पुरुष, आणि कोपऱ्यात 'फॅमिली सेक्शन' अशी पाटी, जिच्याखाली फॅमिली कधी दिसत नाही. त्यात आपल्या जिल्ह्याची आठवण आणखी वेगळी. अंजनीच्या आर. आर. आबांनी गृहखातं सांभाळताना २००५ मध्ये राज्यातले डान्स बार बंद केले. ती बंदी कोर्टात टिकली नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती उचलून धरली नाही. मग २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि २०१९ मध्ये कोर्टानं त्यातल्या बऱ्याच अटी सैल केल्या. पण हे सगळं वकिलांनी लक्षात ठेवायचं. तासगाव-सांगलीकडच्या बायकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की आबांनी कुणाकुणाचे संसार वाचवले. त्यामुळे काउंटर, दारू आणि नाच एका चौकटीत दिसलं की पोटात गोळा येतो. येणारच.

फक्त तिथं नाचणारी बाई कामाला असायची आणि बसून बघणारा गिऱ्हाईक. तुमच्या लेकीच्या पबात गिऱ्हाईकच नाचतंय. पगारी माणूस ग्लास धुतोय.

विद्यापीठाजवळचा इंग्लिश पब दिवसभर उघडा असतो आणि त्याचं रूप तासागणिक बदलतं. दुपारी त्याच टेबलांवर पोरं लॅपटॉप उघडून बसतात, चिप्सची एक बशी दोघांत पुरवतात. रविवारी दुपारी आजोबा, नातवंडं असं अख्खं घर जेवायला येतं. आठवड्यात एखादी संध्याकाळ क्विझची. बुधवारी रात्री गर्दी, कारण तिकडे विद्यापीठांच्या मॅचेस बुधवारी दुपारी होतात आणि हरलेले-जिंकलेले सगळे नंतर तिथेच येतात. शुक्रवारी, शनिवारी रात्री दहाच्या सुमाराला मधली टेबलं भिंतीकडे सरकवतात, दिवे उतरवतात, डीजे गाणी चढवतो आणि आठवडाभर असाइनमेंटमध्ये मान घातलेली पोरं घामाघूम होईपर्यंत नाचतात. त्यात न पिणारेही असतात. कोक घेतात, लाइम-सोडा घेतात, नाहीतर साधं पाणी. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत बसून प्यायचं पाणी मागितलं तर ते फुकट द्यावं लागतं, असा इंग्लंडात नियमच आहे.

आणि दोन वाजेपर्यंत चालतं म्हणजे काही चोरून चालत नाही. २००५ च्या नोव्हेंबरपर्यंत तिकडचे बहुतेक पब रात्री अकराला घंटा वाजवून आवरायला घ्यायचे. पहिल्या महायुद्धात घातलेले वेळेचे निर्बंध वेगवेगळ्या रूपात तोवर चालत आले होते. मग कायदा बदलला. आता कुठल्या पबनं किती वाजेपर्यंत विकायचं, गाणी किती वाजेपर्यंत वाजवायची, हे तिथली नगरपालिका त्या-त्या परवान्यात लिहून देते. आपल्याकडेही वेळ ठरलेलीच आहे की. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परमिट रूम रात्री दीडपर्यंत, आणि सांगलीसारख्या ठिकाणी साडेअकरा. पुण्याचा जावई करायला निघालेल्या जाऊबाईंना हे माहीत असेल की नाही कोण जाणे.

नाचाचं म्हणाल तर एक विचारते. हळदीच्या रात्री आपल्याकडे मांडवात डीजे लागतो. काका, मामा, नवरदेवाचे मित्र, आणि हल्ली काकू-मावशाही नाचतात. त्यातले निम्मे पुरुष मांडवामागे जाऊन काय करून आलेले असतात ते सगळ्या बायकांना माहीत असतं. तरी त्या मांडवाला कुणी 'असली जागा' म्हणत नाही. आपल्याला नाचायला निमित्त लागतं, तिकडच्या पोरांना शनिवार पुरतो.

तुमची लेक तर नाचतही नव्हती. ती काय करत होती ते नीट बघा. त्या काउंटरच्या मागे उभं राहणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे तोंडाकडे बघायचं. तिकडे दारू विकत घ्यायचं वय १८. पण बहुतेक पबमध्ये रीत अशी, की समोरचा पंचविशीच्या आतला वाटला तरी ओळखपत्र मागायचं. अल्पवयीनाला दारू दिली तर मालकाबरोबर देणाऱ्याच्याही अंगाशी येतं. ज्याला आधीच चढली आहे त्याला आणखी विकणं हाही तिकडे गुन्हा आहे. म्हणजे रात्री एक वाजता सहा फुटी पोराला "आता बास, पाणी घे" असं सांगायचं काम तुमच्या मुलीकडे आहे. इथे घरी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे आणताना लाजणारी पोरगी असेल, तर तिकडे ती काय शिकली याचा अंदाज करा. बाकी सगळी हमाली. रिकामे ग्लास एकात एक घालून हातभर मनोरा करून आणायचे, मशीन लावायचं, तळघरात जाऊन बिअरचं पिंप बदलायचं, शेवटची ऑर्डर पुकारायची, आणि दार लागल्यावर बिअर सांडून चिकट झालेली फरशी पुसायची. काळा टीशर्ट त्यासाठीच असतो, डाग दिसत नाहीत.

तुम्ही लिहिलंत, 'वर हसतेय पण'. हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. रडत असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? नसतंच वाटलं. मला वाटतं, काम पबातलं आहे यापेक्षा ते तिला आवडतंय, आणि ही आवड तिनं तुमच्यापासून लपवली, हे तुम्हाला जास्त लागलंय. त्याबद्दल रागावण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'कॅफे' सांगायला नको होतं. पण रागवाल ते त्या खोटेपणासाठी रागवा. दोन्ही गोष्टी एकात कालवल्या तर ती फक्त एवढंच शिकेल, की पुढच्या वेळी व्हिडिओ निघणार नाही अशी काळजी घ्यायची.

आता जिथे खरंच काळजी करायला हवी तिकडे वळते, कारण तिथे तुमच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही.

पहिलं म्हणजे तास. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा एमएस्सी करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५, असं चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीचे मिळून २०. आणि इथे बरीच पोरं फसतात: उन्हाळ्यात कॉलेज रिकामं दिसतं, पण एमएस्सीवाल्यांचा तो प्रबंधाचा काळ असतो. बीएस्सीच्या पोरांना तेव्हा सुट्टी असते आणि ती पूर्णवेळ काम करू शकतात, एमएस्सीवाल्यांना साधारणपणे करता येत नाही. शेजारच्या खोलीतली करते म्हणून हिनंही केलं, तर व्हिसावर गदा येऊ शकते. कर्ज, घर, सगळं त्या व्हिसावर उभं आहे. पबपेक्षा मला या गोष्टीनं झोप लागली नसती.

दुसरं, पैसे कसे मिळतात. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्या कामगाराला तिकडे तासाला किमान १२.७१ पाउंड द्यावेच लागतात. २० तासांचे आठवड्याला २५४ पाउंड. पाउंड ११५ रुपये धरला तर २९ हजारांच्या आसपास, कर वगैरे जायचा तो वेगळा. यात तिथलं खोलीभाडं आणि किराणा बराचसा निघतो, म्हणजे तुमच्याकडून तेवढे कमी जातात. ऑक्टोबर २०२४ पासून टिपचे पैसेही मालकाला ठेवून घेता येत नाहीत, ते कामगारांत वाटावे लागतात. हे सगळं पगाराच्या स्लिपवर दिसायला हवं. तिला स्लिप दाखवायला सांगा. ती देताना कचरली, किंवा "आमच्याकडे हातावर देतात" म्हणाली, तर मात्र तिथून निघायला सांगा, आणि त्यात पबचा काही संबंध नाही. हातावर देणाऱ्या किराणा दुकानातूनही निघायलाच सांगितलं असतं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: रात्री दोनला पब बंद होतो, आवरून बाहेर पडेपर्यंत तीन वाजतात. मग ती खोलीवर जाते कशी? चालत? कुणाबरोबर? किती लांब? जानेवारीत, पावसात? काही मालक उशिराच्या शिफ्टवाल्यांना टॅक्सी करून देतात, काही देत नाहीत, ते विचारावं लागतं. आधी फोनवरून ठरवलेली परवानाधारक टॅक्सी, शिफ्ट सुटणाऱ्या दोघी-तिघींनी मिळून. फोनवरचं लोकेशन एखाद्या मैत्रिणीला चालू ठेवायचं. तुम्हाला नको हं, तुम्ही रात्रभर नकाशा बघत बसाल.

आणि गिऱ्हाईकांचा त्रास. हे नाकारण्यात अर्थ नाही, दारू प्यालेला पुरुष लीड्समध्येही दारू प्यालेलाच असतो. कुणी हात धरतं, कुणी घाण बोलतं. फरक एवढाच की तिथे तिनं गप्प बसायचं नसतं. दारावरच्या रखवालदाराला सरकारी परवाना लागतो, तो अशांना बाहेर काढायलाच असतो. २६ ऑक्टोबर २०२४ पासून तिकडच्या प्रत्येक मालकावर कायद्यानं जबाबदारी आहे, की कर्मचाऱ्यांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावलं उचलायची. तिला विचारा, "कुणी त्रास दिला तर तुझा मॅनेजर काय करतो?" ती पटकन एखादा प्रसंग सांगून म्हणाली, "त्याला हाकलला की", तर जागा बरी आहे. ती गप्प झाली किंवा "एवढं तर चालायचंच" म्हणाली, तर जागा बदलायची. शहरात पब काही एकच नसतो, आणि विद्यापीठातही लायब्ररी, कँटीन, स्टुडंट युनियन अशी पोरांसाठी कामं निघतात. त्याच पबात दुपारची शिफ्ट मागता येते. तिथे पैसे तेच, आणि गिऱ्हाईक सूप पिणाऱ्या म्हाताऱ्या.

झोपेचंही विचारा. शुक्रवार-शनिवार रात्रीचे दिवस केले की सोमवारी नऊचं लेक्चर डोक्यावरून जातं. पहिल्या सत्राचे मार्क काय आले, हे विचारलंत का? तुमच्या पत्रात ती शिकायला काय गेली आहे हेही नाही. एमएस्सी, पण कशात?

आता पिण्याचं. ती पीत नसेल असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही, कारण मला माहीत नाही. कामावर असताना प्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, पण सुट्टीच्या रात्रीचं कोण सांगणार. महाराष्ट्रात कायद्यानं सौम्य बिअर २१ व्या वर्षी आणि कडक मद्य २५ व्या वर्षी, तिकडे सगळंच १८ ला. ती २३ ची आहे. तेव्हा विचारायचं ते असं: "तू घेतेस का ग? मला खरं सांग, मी ओरडणार नाही." आणि मग खरोखर ओरडायचं नाही. हे जमणार नसेल तर विचारूच नका. ती "कधीतरी एखादी" म्हणाली तर पुढचा प्रश्न "किती" आणि "कुणाबरोबर" हा असू दे. "आजीला काय वाटेल" हा नको. माळ सासूबाईंच्या गळ्यात आहे, नातीनं घातलेली नाही. तुमच्या घरात चालत नाही, तुम्हाला आवडत नाही, हे जरूर सांगा, आईनं सांगावंच. पण आपला ग्लास नजरेआड ठेवायचा नाही, अनोळखी माणसानं आणून दिलेलं प्यायचं नाही, एकटीनं परत यायचं नाही, हे त्याआधी सांगा. घरातल्या धाकानं पोरी 'चालत नाही' हे ऐकून घेतात आणि सांभाळून कसं राहायचं ते विचारायला येत नाहीत.

मिस्टरांचं काय? ताई, हे गुपित तुमचं राहिलेलंच नाही. भाचीनं बघितलंय म्हणजे तिच्या मैत्रिणींनी बघितलंय. आपल्या गावात हरभट रोडला कुणी शिंकलं तर विश्रामबागेत काढा उकळायला ठेवतात. ते बाहेरून कळलं तर त्यांना दोन जखमा होतील, एक पोरीची आणि एक तुमची, आणि दुसरी जास्त दिवस दुखेल. म्हणून तिला सांगा: "मी तुझं झाकून ठेवणार नाही. पंधरा दिवसांत तू पप्पांना फोन कर. मी शेजारी बसलेली असेन." यात तुम्ही कुणाला फसवत नाही आणि तिचं बोलणं तिच्याकडेच राहतं.

फोन कधी, तेही बघा. यार्डात सौदे असतात त्या दिवशी नको, डोकं ठिकाणावर नसतं. रविवारी करा, पण तिची शनिवारची शिफ्ट असते हे ध्यानात घ्या. तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे तिची दुपार, तोवर ती उठलेली असेल. आणि तिला सांगा, पप्पांशी बोलताना सुरुवात आकड्यांनी कर. तासाला किती, आठवड्याला किती, भाड्याला किती गेले, उरले किती. जन्मभर अडतीच्या गादीवर हिशोब केलेला माणूस आहे, त्याला भावनेपेक्षा आकडा लवकर पटतो. पब हा शब्द मात्र त्याच वाक्यात आला पाहिजे, नंतर कधीतरी नको. ते चिडतील. दोन दिवस बोलणार नाहीत, कदाचित चार. तुम्ही मध्ये पडून "तशी ती काउंटरलाच असते हो, आत जात नाही" असली सारवासारव करू नका. काउंटर आतच असतो.

स्थळाचं थोडक्यात. बायोडेटात 'कॅफे' लिहू नका. लिहायचंच असेल तर शिक्षण लिहा, पार्टटाइम काम कुणी लिहीत नाही. त्यांनी विचारलं तर खरं सांगा. एवढ्यावरून मोडणारं स्थळ लग्नानंतर कशावरून मोडलं असतं याची यादी मी करू शकते, पण जागा नाही. शिवाय पोरगी अजून शिकते आहे. तिला लग्न करायचंय का, हे कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही.

राहता राहिल्या जाऊबाई. त्या विचारतीलच. तेव्हा सांगा, "पबमध्ये काम करते, शनिवारी रात्री दोनपर्यंत." त्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला, की तासाचा दर सांगा, रुपयांत.